कोरडं राहिलेलं पिंप

१

सकाळची पेज माझ्या घशाखाली उतरली नव्हती, तोच वीबे हार्केमा बारूदखान्याचा जिना चढून वर आला आणि माझ्यासमोर मूठ उघडून उभा राहिला. तळव्यावर काळा चिखल होता.

"कोतवाल, सगळी भिजली," तो म्हणाला.

"काय भिजलं? नीट बोल की."

"बारूद! कोणीतरी आत पाणी ओतलंय. गोळा डागायला चिमूटभर कोरडी राहिली नाही."

माझ्या हातातला वाडगा कलंडला. मी हेस्सेल तिम्मर, या जहाजाचा कोतवाल. दारुड्यांना आवरायचं, चोरांना बेड्या ठोकायच्या आणि वेळ आली तर फासाचा दोर बांधायचा, हे माझं काम. वीबे आमचा मुख्य गोलंदाज, तोफा आणि बारूद त्याच्या ताब्यात. जहाजाचं नाव 'ट्राउ', म्हणजे इमान. देवाला कधीकधी असले विनोद करायची हुक्की येते.

इंग्रज आमच्या किनाऱ्यावर उतरून चार दिवस झाले होते. हेल्डरचं बंदर पडलं होतं. आमचा सगळा ताफा मागे सरकत सरकत फ्लीटरच्या उथळ खाडीत येऊन अडकला होता. समोर इंग्रजांची गलबतं, मागे वाळू. टेक्सल बेटाच्या चर्चवर, इंग्रजांच्या आश्रयाला पळून गेलेल्या आमच्या जुन्या राजपुत्राचा नारिंगी झेंडा फडकत होता आणि आमचे खलाशी कामधाम टाकून त्याच्याकडे टक लावून बघत बसले होते. इंग्रजांचा निरोप आला होता: एक तर राजपुत्राचा झेंडा चढवा, नाहीतर लढा.

आणि आता लढायला बारूदच नव्हती.

कप्तान आद्रियान ब्लोकफोर्ट खाली आले. उंच, वाळका, बोलायला हळू. त्यांनी वीबेच्या तळव्याकडे पाहिलं, मग रुमालाने स्वतःचाच हात पुसला.

"काल संध्याकाळी चावी कोणी नेली होती?"

"मीच नेली, साहेब. पाहणी केली आणि परत तुमच्या खोलीतल्या खिळ्याला लावली."

"त्याला बेड्या घाला, तिम्मर. भरती फिरली की दोर."

वीबे हसला. मला वाटलं, त्याला वेड लागलं.

"माझ्या पोराला काम्पर्डाउनच्या लढाईत ज्या इंग्रजांनी चिंधड्या करून मारलं, त्यांच्यासाठी मी बारूद भिजवीन?" तो म्हणाला. "मी, साहेब?"

कप्तान वर निघून गेले.

२

खरं सांगायचं तर त्या जहाजावर इंग्रजांवर तोफ डागायची इच्छा असलेला एकच माणूस होता, आणि नेमक्या त्याच्याच पायात मी बेड्या ठोकत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

वीबे जुना देशभक्तांच्या बाजूचा, म्हणजे राजपुत्राच्या विरुद्धचा. राजपुत्राच्या माणसांनी पूर्वी त्याचं घर फोडलं होतं, बायकोला भर रस्त्यात नारिंगी फीत बांधून नाचवलं होतं. राजपुत्र पळाला आणि प्रजासत्ताक आलं तेव्हा तो हार्लिंगेनच्या चौकात लहान मुलासारखा रडला होता म्हणे.

"हेस्सेल, दोराला मी भीत नाही," तो मला म्हणाला. "पण आन्केला कोणी सांगितलं ना, की तुझ्या नवऱ्याने पोराच्या मारेकऱ्यांसाठी बारूद भिजवली, तर ती बाई उभ्या जागी मरेल. तेवढं नाव माझ्यावरून काढ बाबा. बाकी काही मागत नाही."

मी तडक डॉक्टर ओस्टिंगांकडे गेलो. जहाजावर डॉक्टरला सगळे मास्तरच म्हणतात. हे मास्तर बुटके, तंबाखूचा वास येणारे आणि महाखवचट. पण डोकं असं की मेलेल्या माणसाचा खोटेपणासुद्धा पकडतील.

"मास्तर, भरती फिरायच्या आत एक चोर हवाय."

"अरे, इथे सगळं राज्य चोरीला चाललंय आणि तुला एक चोर हवाय? चल."

बारूदखान्याच्या दाराशी ते गुडघ्यावर बसले. बारूदखान्यात कोणी बूट घालून जात नाही. बुटाच्या खिळ्याची एक ठिणगी उडाली तर जहाजासकट सगळे स्वर्गात. म्हणून बाहेर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चपला ठेवलेल्या असतात. त्या तिथे होत्या. जोडीने, एकमेकींना चिकटून, टोकं जिन्याकडे करून, दुकानात मांडाव्यात तशा नीट.

"वीबेने सकाळी ह्या घातल्या नव्हत्या?"

"नाही. म्हणाला, हात लावला तर आतून ओल्या लागल्या. जिथल्या तिथे सोडून तो अनवाणीच गेला."

"म्हणजे ज्याने पाणी ओतलं त्यानेच त्या अशा ठेवल्या." मास्तरांनी उंबऱ्यावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. "हा उंबरा कधी पुसतात रे?"

"बारूदखान्यात ओलं फडकं? कधीच नाही. कोरड्या झाडूने झाडतात. तिथे वर्षांची धूळ असते."

"काल कोणीतरी पुसलाय. पाणी सांडलं आणि त्या माणसाला ते तसंच टाकून जाववेना." मग त्यांनी चौकटीवर उडून वाळलेल्या थेंबांना चक्क जीभ लावली. मी तोंड वाकडं केलं. "मीठ नाही. हे समुद्राचं पाणी नव्हे, हेस्सेल. पिण्याचं पाणी आहे."

आत आणखी एक गंमत होती. भरून ठेवलेल्या थैल्या भिजलेल्या, उघडी पिंपं भिजलेली. सरकारने बारूद दिली होतीच मोजकी, त्यामुळे फार कष्टही पडले नसावेत. पण कोपऱ्यातलं एक छोटं पिंप ठणठणीत कोरडं होतं, वर झाकण घट्ट बसवलेलं.

मी परत जाऊन वीबेला विचारलं.

"ते सलामीचं पिंप," तो म्हणाला. "जुनी, मवाळ बारूद. लढाईत कामाची नाही, बिनगोळ्याचा आवाज काढायला वापरतो. ते का सोडलं मेल्याने?"

मी मास्तरांना त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं तेव्हा त्यांची चिलीम विझली.

"बापरे," ते हळूच म्हणाले. "हा तर शिष्टाचार पाळणारा चोर आहे."

३

पहारेकरी सगळे वरच्या डेकवर होते, कोणी बोट पळवून किनाऱ्यावर जाऊ नये म्हणून. त्यामुळे खाली जायला कोणालाही मोकळं रान होतं. पण चावी कप्तानांच्या खोलीत. त्या खोलीत बेधडक जाणारी माणसं दोन: आचारी क्रेन आणि लेफ्टनंट फान ड्रोस्ट.

क्रेनला एकच पाय. दुसऱ्या जागी लाकूड. टोपीच्या आतल्या बाजूला नारिंगी फीत शिवलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि तोही लपवत नव्हता.

"मी भिजवली असती तर टेबलावर चढून ओरडून सांगितलं असतं," तो वाटाणे निवडत म्हणाला. "पोरांनी मला खांद्यावर घेतलं असतं. पण तो जिना उतरून बघा एकदा या लाकडावर, हातात पाण्याची बादली घेऊन. मान मोडून पडलो असतो."

"पिण्याचं पाणी तुझ्या ताब्यात असतं ना?"

"असतं, आणि थेंब थेंब मोजून देतो. काल तेवढी कप्तानांनी दोन पिंपं जास्त मागवली. शर्ट धुवायचा म्हणाले. इंग्रजांसमोर मरायचं तर स्वच्छ मरावं! बघा, माणसाला पेजेला पाणी नाही आणि यांना शर्ट!"

मास्तरांनी क्रेनकडे मान वर करून पाहिलं. मग एक वाटाणा उचलून तोंडात टाकला.

लेफ्टनंट फान ड्रोस्ट खोलीत पलंगावर बुटांसकट पडले होते. खानदानी माणूस. आजोबा राजपुत्राच्या पंगतीला बसणारे.

"मला ते हलकं काम जमणार नाही," ते कंटाळून म्हणाले. "भिजवायची गरजच काय? आजच्याआज झेंडा उतरेल. आडोशाच्या अंगाने, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या अंगाने, एक बिनगोळ्याची तोफ उडवायची. सगळ्या समुद्रांवर त्याचा एकच अर्थ: आमचं तुमच्याशी वैर नाही. समोरचा तसंच उत्तर देतो. मग टोप्या काढायच्या, हात मिळवायचे. सभ्य माणसांचं असंच असतं."

"सलामीची फार काळजी दिसते साहेबांना," मी टोमणा मारला.

"बूट काढा जरा, लेफ्टनंट," मास्तर मध्येच म्हणाले.

"काढा तुम्हीच! माझा नोकर परवा पोहत किनाऱ्यावर पळाला. तेव्हापासून हे पायातच आहेत. एकट्याने निघत नाहीत."

आम्ही दोघांनी मिळून ओढले. बूट निघाला, आणि त्याबरोबर असा वास आला की मास्तरांसारखा माणूस दोन पावलं मागे सरला. परवापासून तो पाय बाहेर आलाच नव्हता, चपलेत शिरणं तर दूरच, यात शंका नव्हती.

बाहेर आल्यावर मी कपाळाला हात लावला. "एकाला पाय नाही, दुसऱ्याचा पाय निघत नाही. मग उरला वीबेच. संपलं, मास्तर. मी दोर काढतो."

"आधी कप्तानांना सांगून येऊ," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

४

कप्तान वॉटरलंडातल्या ब्रूकचे. त्या गावात म्हणे गाईच्या शेपट्यासुद्धा दोरीने वर बांधतात, मळू नयेत म्हणून. घरात शिरताना लाकडी जोडे बाहेर काढायचे, टोकं रस्त्याकडे वळवून, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातो. कप्तानांच्या खोलीत शिरतानाही आम्हा सगळ्यांना जोडे काढावे लागत. खलाशी त्यावरून त्यांची नक्कल करत.

मी दाराशी बूट काढले आणि टाकले दोन दिशांना. मास्तर मात्र उभेच राहिले. ते खाली बघत होते.

दाराबाहेर कप्तानांचे स्वतःचे बूट होते. जोडीने, एकमेकांना चिकटून, टोकं बाहेर.

मी ते बूट पाच वर्षं रोज पाहत होतो. तरी बारूदखान्याच्या दाराशी तशाच ठेवलेल्या चपला बघून मला ते आठवले नव्हते.

आत कप्तान खिडकीशी बसले होते. मास्तरांनी नमस्कारही केला नाही.

"साहेब, दोन पिंपं पाणी घेऊन शर्ट धुतलात म्हणे. मग कॉलरवर परवाच्या कॉफीचा डाग कसा?"

कप्तानांनी मान खाली घालून डाग पाहिला आणि अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"चपला तुम्ही ठेवल्यात. सांडलेलं पाणी तुम्ही पुसलंत. आणि सलामीचं पिंप ठेवलंत, कारण सलामीशिवाय शरण जाणं तुम्हाला अडाणीपणाचं वाटतं. खलाशाने केलं असतं तर त्याने सगळंच बुडवलं असतं."

कप्तानांनी कॉलरवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "दोन शपथा घेतल्यात मी, ओस्टिंग. तरुणपणी राजपुत्राची, नंतर प्रजासत्ताकाची. लढलो तर एक मोडते, नाही लढलो तर दुसरी. बारूदच नसली तर मी कोणतीच मोडत नाही. एवढीच वाट दिसली."

"आणि वीबे?" मी ओरडलो. कप्तानांवर ओरडायची ती पहिलीच वेळ. "त्याला फासावर देऊन शपथ राखणार?"

"कोण फास देतंय? भरती फिरायच्या आत सगळं संपलेलं असेल. इंग्रज त्याला सोडतील. जीवाला धक्का नाही लागणार. फक्त कोणाचं तरी नाव लागतं, तिम्मर. बारूद आपोआप भिजत नाही."

"त्याला फक्त नावच हवं होतं, साहेब. जीव नको होता!"

त्यांना ते कळलंच नाही. त्यांनी खरंच न समजून माझ्याकडे पाहिलं.

"वर चला," मास्तर म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगा."

कप्तान उठले. मला अजून वाटतं की त्या क्षणी ते सांगणार होते. त्यांनी बुटात पाय घातले, आणि डोक्यावरच्या डेकवर एकदम शेकडो पायांचा धडधडाट सुरू झाला.

५

वर आलो तर बंड झालं होतं. तोफेचे गोळे हातोहात कठड्यावरून पाण्यात जात होते, धपाक् धपाक्. कोणाच्या हातात चाकू नव्हता, कोणी कोणाला मारत नव्हतं. उलट हसत होते. शेजारच्या जहाजांवरही तेच चाललं होतं. सगळ्या ताफ्याने मिळून ठरवल्यासारखं हात वर केले होते.

मला हसावं की रडावं कळेना. कप्तानांनी एक अख्खा बारूदखाना बुडवला होता, एका माणसाचं नाव बुडवलं होतं, आणि कशासाठी? बारूद कोरडी असती तरी त्या पोरांनी एक तोफ उडवली नसती.

मग कोणीतरी ओरडलं, "वीबे! अरे, वीबेला सोडवा! त्यानेच भिजवली! आपल्या सगळ्यांच्या आधी त्यानेच करून दाखवलं!"

त्यांनी त्याला बेड्यांसकट उचलून वर आणलं. बेड्या तोडल्या. क्रेनने टोपीतली नारिंगी फीत टरकावून काढली आणि त्याच्या छातीला बांधली.

"मी नाही केलं!" वीबे जीव तोडून ओरडत होता. "ऐका रे, मी नाही! मी लढणार होतो!"

"लाजतो बघा कसा!" पोरं हसली. "जुना देशभक्त, आतून नारिंगी निघाला!"

"त्याने नाही केलं!" मास्तर पिंपावर चढून ओरडले. "कप्तानांनी केलंय!"

गोळे फेकणारे हात थांबले. मग सगळं डेक खदखदून हसलं.

"कप्तानांनी? तेच तर त्याला फाशी द्यायला निघाले होते! मास्तर, सकाळी सकाळी जेनिव्हर ढोसली की काय?"

मी कप्तानांकडे पाहिलं. वीबेनेही पाहिलं. एक शब्द पुरला असता. कप्तानांचे ओठ हलले, पण तेवढ्यात लेफ्टनंट फान ड्रोस्ट त्यांच्या कानाशी लागले. इंग्रजांची एक लढाऊ फ्रिगेट आमच्या आडोशाच्या अंगाला येऊन नांगर टाकत होती. कप्तान तिकडे वळले.

वीबेने छातीवरची फीत ओढून काढली. कोणाचं लक्ष नव्हतं. तो जिना उतरून खाली गेला.

६

मी त्याच्या मागे धावलो. तो बारूदखान्यातून बाहेर येत होता, काखेत सलामीचं पिंप घेऊन.

"वीबे, काय करतोस?"

"लढतो."

"गोळा एक उरला नाही रे!"

"आवाज तर होईल. या सगळ्या ताफ्यात एका तरी माणसाने इंग्रजाच्या तोंडावर तोफ डागली, एवढं आन्केच्या कानावर जाऊ दे. मग मारोत मला. बाजूला हो, हेस्सेल, नाहीतर मदत कर."

मी मदत केली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. खालच्या डेकवरच्या तोफेत आम्ही ती मवाळ बारूद ठासली. वर बोळा घालायला काही सापडेना, तेव्हा त्याने बारूदखान्याच्या दारातून नमद्याच्या चपला उचलून आणल्या आणि कोंबल्या आत. एवढा एकच पुरावा होता आमच्याजवळ. मी बघत राहिलो.

झरोक्यासमोर इंग्रजी फ्रिगेट होती. इतकी जवळ की तिच्यावरच्या माणसांच्या टोप्या दिसत होत्या. वीबेने काम्पर्डाउनला गेलेल्या पोराचं नाव घेतलं आणि बत्ती दिली.

तोफ गरजली. धूर पाण्यावर पसरला. आम्ही दोघे कानावर हात ठेवून इंग्रजांच्या तोफांची वाट बघत उभे राहिलो.

समोरून एकच तोफ उडाली. बिनगोळ्याची.

धूर विरळ झाला तेव्हा दिसलं, इंग्रज खलाशी दोरांवर चढून टोप्या हलवत होते. त्यांचा कप्तान टोपी छातीशी धरून वाकला होता. आमच्या डोक्यावर पोरांनी जल्लोष केला, "शाब्बास वीबे! सलामी दिली बघा पठ्ठ्याने!"

तेव्हा मला लेफ्टनंटचे शब्द आठवले. आडोशाच्या अंगाने, एक, बिनगोळ्याची.

वीबेने एवढी वर्षं समुद्रावर काढलेली. रागाच्या भरात विसरला असेल, पण आता त्याला माझ्याआधी कळलं असावं. तो तोफेच्या गाड्यावर बसला आणि काळे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. वर झेंडा उतरत असल्याचा दोराचा आवाज येत होता. कप्तानांनी ज्यासाठी ते पिंप जपलं होतं ते काम अगदी वेळेवर पार पडलं होतं.

इंग्रजांनी आम्हाला त्यांच्या देशात नेलं. बहुतेकांनी राजपुत्राची शपथ घेतली. मी आणि वीबेने घेतली नाही. तिथल्या अधिकाऱ्यांना मोठं कोडं पडलं, की ज्याने बारूद भिजवली, ज्याने सलामी दिली, तो माणूस शपथेला नाही का म्हणतो? तापाने वीबे गेला तो कैद्यांच्या जहाजावरच. शेवटपर्यंत मला म्हणत राहिला, आन्केला सांग.

सुटून आलो तेव्हा इथल्या प्रजासत्ताकाच्या न्यायसभेसमोर मी सगळं सांगितलं. चपला, उंबरा, कॉलरवरचा डाग. पुरावा काय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चपला तोफेतून उडाल्या. साहेब लोक हसले. वीबे हार्केमाचं नाव देशद्रोही म्हणून हार्लिंगेनच्या चौकात पुकारलं गेलं.

मग मी आन्केकडे गेलो. दाराचा वरचा अर्धा भाग उघडा होता, खालचा बंद. तिने मला आत बोलावलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि तिने मध्ये न बोलता ऐकलं.

"तोफ त्यानेच उडवली?" तिने विचारलं.

"हो वहिनी. पण रागाने. शपथ घेऊन सांगतो, लढायला म्हणून उडवली."

"आणि इंग्रजांनी टोप्या काढल्या."

मी मान हलवली.

"ज्यांनी माझा पोर मारला," ती म्हणाली, "त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी टोप्या काढल्या. आता तुम्ही जा, तिम्मर."

तिने दाराचा वरचा भागही लावून घेतला. उंबरा तिने नुकताच पुसला होता आणि तो अजून ओला होता. त्यावर पाय पडू न देता मी मागे फिरलो.